दुसऱ्या बाजूचं बोलणं

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

चि. तेजस्वीस,
आण्णाचा आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढं सगळा शुकशुकाट. म्हणून म्हटलं, पोस्टाची वाट धरू. पाकीट निदान मधेच कट करता येत नाही.

दिवाळीतलं मी उगाळत बसत नाही. "पोर म्हणजे काय बँकेतली ठेव हाय व्हय, मुदत संपली की काढून न्यायला?" असं मी बोललो. "ठेव आमचीच हाय, आण्णा, व्याज तेवढं तुम्ही खाल्लंसा," असं तू बोललीस. आणि पाडव्याचा फराळ ताटात तसाच ठेवून तुम्ही साणंदची गाडी धरलीत. बापलेकीची जीभ एकाच साच्यातली, त्याला कोण काय करणार? जावईबापू तेवढे बिचारे चकलीचा डबा हातात धरून जिन्यात उभे होते.

पत्राचं कारण आपली वल्लरी. जावईबापूंची कागलच्या एमआयडीसीतून तिकडं गुजरातेत साणंदला बदली झाली, तेव्हा 'बस्तान बसेपर्यंत पोर तुमच्याकडं राहू दे' असं तूच म्हणाली होतीस. आता बस्तान बसलं, म्हणून जूनपासून नववीला तिला तिकडं घालायचं म्हणतेस. आईचं मन मला कळतं. पण तिची इथली शाळा आत्ता कुठं रंगात आली आहे. ती कशी, ते तुला कळावं म्हणून लिहितोय. दुसरं काही नाही.

तिच्या वर्गाला यंदा पूर्णिमाबाई म्हणून नव्या बाई आल्यात. मूळच्या नेसरीच्या, आवाज खणखणीत. शुक्रवारी शेवटच्या तासाला त्या बाकं भिंतीला लावायला सांगतात आणि एक प्रश्न टाकतात. ज्याला 'होय' वाटतं त्यानं खिडकीकडं बसायचं, 'नाही' वाटतं त्यानं दाराकडं. बोलताना मत बदललं तर उठून पलीकडं जायचं, त्यात लाज धरायची नाही. आणि आपलं सांगायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगून दाखवायचं. त्यानं मान डोलावली तरच पुढं बोलायचं.

खरं सांगतो, मला हे आधी रुचलं नाही. मी म्हटलं, आधीच पेठेतली पोरं, ह्यांना आणखी भांडायला शिकवायचं आणि वर त्याला तास म्हणायचं. पण वल्लरीच्या वर्गाला पडलेला पहिला प्रश्न ऐकला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. प्रश्न असा होता, फुटबॉलमध्ये पंचाची चूक झाली आणि गोल आपल्या बाजूनं दिला, तर खेळाडूनं ते कबूल करावं का?

तुला ठाऊकच आहे, मी शिकलो चौथी. पुढचं सगळं दुकानात फोटोफ्रेमच्या पाठीमागं लावायच्या रद्दी पेपरांतून वाचलेलं. तरी पेठेतली निम्मी पोरं वक्तृत्व स्पर्धेचं भाषण माझ्या दुकानातून लिहून न्यायची, त्यातली एक तू. तोच हात अजून आहे. फुलस्केप भरून लिहून दिलं. सुरुवातीला क्रीडा म्हणजे राष्ट्राचा प्राण, मधे एक सुभाषित, शेवटी टाळ्यांची जागा. हात कुठं वर न्यायचा, आवाज कुठं खाली आणायचा, सगळं बसवून घेतलं.

पोरगी वर्गात उभी राहिली. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..." जमिनीवर बसलेल्या पोरांत अध्यक्ष कुठला असणार? पण बाईंनी कुणाला हसू दिलं नाही. सगळं भाषण झालं, टाळ्याही पडल्या. मग राजवीर म्हणून तिच्या वर्गातला एक पोरगा आहे, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा ढाण्या समर्थक, तो म्हणाला, "भाषण एक नंबर. पण गोल धरायचा का न्हाय धरायचा?"

आणि आपल्या पोरीनं भाषणाची शेवटचीच ओळ पुन्हा म्हटली.

घरी आली, दप्तर टाकलं. ताटावर बसल्यावर म्हणाली, "आण्णा, ते तुमचं हुतं. मला काय वाटतंय ते मलाच ठाऊक न्हवतं." तिच्या पानात मी तूप जरा जास्तच वाढलं. दुसरं काय करणार होतो?

हवा गार आहे. तब्येतीला जप. पोरगी मजेत आहे.

तुझा आण्णा


शिवाजी पेठ
२ फेब्रुवारी २०२५

चि. तेजू,

पहिल्या पत्राला उत्तर नाही, पण पाकीट परतही आलं नाही. ही माझ्या लेखी पोचपावती.

त्या गोलाचं पुढं काय झालं ते राहिलं. बाईंनी तोच प्रश्न पुढच्या शुक्रवारी पुन्हा घेतला. 'मागच्या खेपेला आपण भाषण ऐकलं, या खेपेला विचार ऐकू,' एवढंच म्हणाल्या. मी या वेळी लेखणीला हात लावला नाही. लावावासा वाटला, पण नाही लावला.

वल्लरी आधी म्हणे राजवीरचं म्हणणं सांगायला गेली. "तू म्हणतोस, कबूल केलं तर तालमीत पाय ठेवू द्यायचे न्हाईत." तो म्हणाला, "न्हवं. पाय ठेवू देतील, पण च्या पाजणार न्हाईत." हिनं पुन्हा सांगितलं. त्यानं मान डोलावली. मग ही म्हणाली, समोरच्या तालमीच्या पोरानं असंच केलं तर त्याला तू काय म्हणशील? राजवीर डोकं खाजवत म्हणाला, "त्येला मी खेळाडू म्हणीन. आणि आमच्यातल्यानं केलं तर गद्दार." सगळा वर्ग खो खो हसला. हसताहसता तो आपणहून उठला आणि पलीकडं जाऊन बसला. तेजू, शिवाजी पेठेतल्या पोरानं फुटबॉलच्या बाबतीत बाजू बदलली! असलं काही मी या जन्मात बघितलेलं नाही.

त्याच्या बापाला ते कळलं तेव्हा तो शाळेत तणतणत गेला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आधी त्याचं म्हणणं त्यालाच सांगून दाखवलं. तो म्हणाला, "व्हय, असंच हाय माझं." आणि पुढं त्याला भांडायला काही उरेना. जाताना म्हणाला, "बाई, पोरं हुशार करा, पण टीम फोडू नगासा."

घरात मात्र माझी धडगत राहिलेली नाही. 'कशावरून?' हा एक शब्द पोरीनं तिथून उचललाय. मी म्हटलं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं. कशावरून? मी म्हटलं, आमच्या वेळची माणसं कणखर होती. कशावरून? दुकानात एक पावणं आजोबांचा फोटो फ्रेमला घेऊन आले आणि सांगत बसले, की आजोबांनी एका बुक्कीत म्हैस लोळवली होती. ही कोपऱ्यात अभ्यास करत बसलेली, मान वर न करता म्हणाली, "बघितलं हुतं कुणी?" पावणं म्हणाले, "म्हशीनं." मी हसून हसून काच खाली ठेवली, न जाणो हातातून सुटायची.

सांगायचं ते हे, की असली पोर ऐन बहरात मुळासकट उपटून दुसऱ्या मातीत लावायची का, याचा तू विचार कर. तिकडची शाळा मोठी असेल, इंग्रजी असेल, बस दारात येत असेल. पण तिथं पोरांना समोरासमोर बसवून 'तुला काय वाटतं' असं कुणी विचारणार आहे का?

मागच्या बुधवारी ती मैत्रिणीकडं राहायला गेली होती. तेव्हा मी जेवायलाही घरी न येता दुकानातच डबा खाल्ला. गिऱ्हाईक फार होतं.

तुझा आण्णा


शिवाजी पेठ
५ मार्च २०२५

चि. तेजू,

तुझं कार्ड पोचलं. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर बघितलं. अजून 'आ'ची काठी तशीच वाकडी काढतेस. दोनच ओळी लिहिल्यास, पण लिहिल्यास हे खरं. 'बाई चांगल्या आहेत हे पटलं. पण आण्णा, तुम्ही तुमचं काहीच लिहीत नाही.'

माझं काय लिहायचं, बाई? मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या लग्नातही कुरकुरत होता. दुकान चालतं. आता लोक फोटो मोबाईलमध्येच ठेवतात, भिंतीवर कोण लावतंय? पण देवादिकांच्या आणि गेलेल्या माणसांच्या फ्रेमा अजून लागतात, त्यावर निभतं. स्वयंपाकाला झुंबरबाई येतात. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं दोन माणसांच्या भाकरी सांगितल्या तरी चार माणसांच्या करून ठेवतात. सगळं बयाजवार, जिथल्या तिथं आहे. पोरगी इथं राहिली म्हणून मला काही त्रास नाही, एवढंच तुला सांगायचं होतं. माझ्यासाठी म्हणून मी काही बोलत नाही. मी बोलतो ते तिच्या शिक्षणासाठी.

आता एक बातमी. बाईंनी पोरांना चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या, आपल्याला खरोखर पडलेला एक प्रश्न लिहा म्हणून. त्यात वल्लरीची चिठ्ठी निघाली. आईबाप एका गावात आणि चांगली शाळा दुसऱ्या गावात असेल, तर मुलानं कुठं राहावं? धुळवडीच्या पुढच्या शुक्रवारी हा प्रश्न घ्यायचा ठरलाय, आणि त्या दिवशी घरच्या वडीलधाऱ्यांनी मागं बसून ऐकायला यायचं निमंत्रण आहे. अट एकच, तोंड उघडायचं नाही. बाई स्वतः दुकानात येऊन सांगून गेल्या. "आण्णा, तुम्हाला जड जाईल." मी म्हटलं, "बाई, मी काय तिसरीतलं पोर हाय व्हय?" त्या नुसत्या हसल्या.

मला काळजी नाही. वल्लरीशी माझं या विषयावर बोलणं झालेलं आहे. इथली शाळा कशी, बाई कशा, हे सगळं मी तिला नीट समजावलेलं आहे. लिहून मात्र काही दिलेलं नाही हो, गैरसमज नको. पोरगी बरोबर बोलेल. काय बोलली ते जसंच्या तसं तुला कळवतो, म्हणजे तुझ्याही ध्यानात येईल.

तुझा आण्णा


शिवाजी पेठ
२२ मार्च २०२५

तेजू,

जसंच्या तसं कळवतो म्हणालो होतो. कळवतो.

काल मी धुतलेलं धोतर आणि कोट घालून गेलो. मागच्या बाकांवर आम्ही पाचसहा म्हातारी माणसं. वल्लरी आधी खिडकीकडं बसली, 'शाळा असेल तिथं राहावं' म्हणणाऱ्यांत. मला बरं वाटलं. मी शेजारच्या आजीबाईंना कोपरानं खुणावलंसुद्धा, ही आमची म्हणून.

मग बाई म्हणाल्या, ज्याचा प्रश्न त्यानं आधी दुसऱ्या बाजूनं बोलायचं. वल्लरी उठली आणि दाराकडं जाऊन उभी राहिली. हात नाही, हावभाव नाही. खाली मान घालून सुरुवात केली, मग मान वर केली.

ती म्हणाली, "माझी आई म्हणती, तू माझ्याजवळ ये. तिकडची शाळा लई भारी हाय, असं ती म्हणत न्हाई. ती म्हणती, तू पाचवीत माझ्या खांद्याला लागत हुतीस. आता व्हिडिओत तुझं तोंड दिसतं, पण तू किती उंच झालीस ते दिसत न्हाई. मला तुझी उंची रोज डोळ्यांनी बघायची हाय. हे तिचं कारण. ती ते लपवत न्हाई."

राजवीरनं विचारलं, "आणि तुझ्या आण्णांचं कारण?"

"आण्णा म्हणत्यात, शाळा. बाई. हा तास."

"मग बरोबरच हाय की."

"मला पण तसंच वाटलं हुतं," वल्लरी म्हणाली. "पण बाईंनी शिकवलंय न्हवं का, कारण बाजूला काढून बघायचं, निर्णय तसाच राहतोय का. मी काढून बघितलं. समजा बाईंची उद्या बदली झाली, हा तास बंद पडला. तर आण्णा मला 'जा' म्हणतील काय? न्हाई म्हणणार. म्हणजे शाळा हे कारण न्हाई. खरं कारण दुसरं हाय, आणि ते त्यांनी मला कधी सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर मला ठरवायला सोपं गेलं असतं."

तिनं मागं वळून बघितलं नाही. राजवीरनं मात्र बघितलं, आणि लगेच नजर चोरून जमिनीवरचा खडू उचलला. तेजू, मी सत्तरीचा माणूस, पण त्या पोरीनं मला बरोबर ओळखलं. बोलायची बंदी होती ते बरंच झालं. बंदी नसती तर मी उठून काहीतरी टाळ्या घेणारं बोललो असतो आणि पोरीचं खरं बोलणं त्यात बुडवलं असतं.

बाईंनी तो धागा ओढला नाही. एवढंच म्हणाल्या, "खरं कारण न सांगणारा माणूस खोटारडाच असतो असं नाही. ते सांगायला त्याला अवघड जात असेल. असं अजून कुणाच्या घरात होतं?" तर एकदम दहा हात वर. एक म्हणाली, माझी आजी डोकं दुखतंय म्हणून टीव्ही बंद करायला लावती, आणि आम्ही अभ्यासाला गेलो की स्वतः मालिका लावती. ती आजी माझ्याच शेजारी बसलेली. तिनं पदर तोंडाला लावला. वर्ग हसला, मीही हसलो, आणि माझ्या छातीवरचा दगड जरा सरकला.

शाळा सुटल्यावर दोघं चालत रंकाळ्यावर गेलो. भेळ घेतली. पोरगी माझ्या तोंडाकडं बघेना. म्हणाली, "आण्णा, राग आला काय?" मी म्हटलं, "आधी मला सांग, तुला स्वतःला काय पाहिजे?" तर ती खातखात थांबली. म्हणाली, "तुम्ही दिवाळीपास्नं भांडताय, आई फोन कट करती, तुम्ही पत्रं लिवताय. हे मला आज पहिल्यांदा विचारलंसा."

तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत देतो. "मला आईकडं जायचं हाय. कवापासनं. पण तुम्ही एकटं पडशीला म्हणून बोलले न्हाई."

मी म्हटलं, "आणि हा तास? तिकडं पूर्णिमाबाई न्हाईत."

"मग मी विचारीन की. 'कशावरून' म्हणायला बाईच कशाला पाहिजेत?"

बघ. तू पोर नेऊ नयेस म्हणून मी ज्या तासाची एवढी थोरवी गायली, त्याच तासानं पोरीला जायचं कारण शोधायला शिकवलं. मला राग यायला पाहिजे होता. पण खोटं कशाला बोलू, ती भेळेचा पुडा धरून असं सरळ बोलत होती, तेव्हा मला वाटलं, तुझी आई असती तर तिनं हिची दृष्ट काढली असती.

तेव्हा आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. माझं खरं कारण लिहितो. तुझी आई गेल्यापासून या घरात 'आण्णा, जेवलासा काय' असं विचारणारं एकच माणूस आहे, आणि ते तेरा वर्षांचं आहे. ती गेली की मला कुणी विचारणार नाही, या धास्तीनं मी तिची शाळा पुढं केली. शाळा चांगली आहे, बाई सोन्यासारख्या आहेत, त्यात तसूभर खोटं नाही. पण मी ती ढाल म्हणून धरली होती. एकट्या म्हाताऱ्याला सोबत हवी, हे काही पोर आईपासून तोडायचं कारण नव्हे, एवढं मला कळतं. फक्त ते उघड म्हटलं असतं तर तू मला फार तर वेडा म्हणाली असतीस, आणि दिवाळीचा फराळ तरी पोटात गेला असता.

आता तुझं म्हणणं सांगून बघतो. तुला पोर माझ्याकडून हिसकावायची नव्हती. तिकडं घर लागलं, पडदे आले, फ्रिज आला, आणि तरी रोज संध्याकाळी घर रिकामं वाटत होतं. ते तू मला सांगायला आली होतीस, आणि मी तुला बँकेचा हिशोब ऐकवला. मान डोलावतेस का? नसेल जमत तर कुठं चुकलं ते लिही. मी पुन्हा सांगून बघीन.

वल्लरीची परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपते. त्यानंतर तू ये आणि तिला ने. नुसतं न्यायला म्हणून नको येऊ, आठ दिवस राहायला ये, जावईबापूंनाही आण. तिची उंची आल्याआल्या दाराच्या चौकटीला लावून बघ. मी मुद्दाम तुला सांगत नाही, कुठवर आली ते. तिच्या शाळेत जाऊन बाईंनाही भेट. त्यांना सांग, तुमच्या तासामुळं आमचं घर फुटलं नाही, पण एक म्हातारा पुरता उघडा पडला.

माझी चिंता करू नकोस. राजवीर आजच दुकानात येऊन गेला. म्हणाला, "आण्णा, सुट्टीत मी येऊन बसू काय? मला भाषण नगं, मला तुमच्यासंगं वाद घालायचा हाय." मी म्हटलं, चहा तुझा तू आणायचास. तो विषय शोधायला गेलाय.

वल्लरी आत परीक्षेचं पाठ करतेय. आज तिनं मला मोबाईलचा आवाज मोठा करून दिलाय आणि तो माझ्याच खिशात ठेवलाय. तुझा फोन आला तर लगेच उचलतो. नाही उचलला गेला, तर आण्णा आंघोळीला गेलेत असं समज. रुसलेत असं समजू नकोस.

तुझाच,
आण्णा